कोडी २१ : ॲटमॉसची फाइल संगणकातून छतापर्यंत पोचवणारा प्लेअर

फाइल ॲटमॉसची, म्हणजे डॉल्बीच्या उंचीचाही आवाज देणाऱ्या प्रकारातली आहे, एचडीएमआयची केबल रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, लागली आहे, छताला स्पीकर टांगून झालेत, आणि गाणं लावलं की छत गप्प. रिसीव्हरच्या पट्टीवर 'मल्टी चॅनल इन' एवढीच अक्षरं येतात. यात दोष बहुतेक वेळा ना फाइलचा असतो, ना स्पीकरचा. मधल्या प्लेअरने फाइल स्वतःच फोडलेली असते आणि फोडताना उंचीची माहिती टाकून दिलेली असते. म्हणून हा आढावा प्लेअरचा आहे, आणि त्यातही कोडीच्या २१व्या आवृत्तीचा.

निकाल आधीच सांगतो. घरात ॲटमॉस ओळखणारा रिसीव्हर असेल तर विंडोजवर कोडी डोळे झाकून घ्यावा. तो फुकट आहे, आणि एकदा नीट बसवला की पुन्हा हात लावावा लागत नाही. रिसीव्हर नसेल तर त्याच्यापासून फार अपेक्षा ठेवू नये. आणि गाण्यांचा संग्रह कलाकार, अल्बम, मुखपृष्ठ असा नीट लावून ठेवायची सवय असेल तर ॲटमॉसच्या बाबतीत तो थोडा निराश करतो. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी फाइल काय चीज आहे ते समजून घेतलं तर सेटिंग आपोआप कळतात. घरगुती ॲटमॉस मुख्यतः दोन वेष्टनांत येतो. एक ट्रूएचडी, म्हणजे ब्लू-रे डिस्कवरचा किंवा विकत घेतलेल्या एमकेव्ही फाइलमधला, ज्यात काहीच गाळलेलं नसतं. दुसरा डॉल्बी डिजिटल प्लस, ज्याला ई-एसी-३ जेओसी म्हणतात. तो स्ट्रीमिंगवाल्यांचा, संगीतासाठी साधारण ७६८ केबीपीएसचा. म्हणजे तासाभराच्या संगीताला हा दुसरा प्रकार ३४५ एमबीच्या आसपास जागा घेतो, तर ट्रूएचडीचा सरासरी दर ४ एमबीपीएस धरला तर तेवढ्याच तासाला १.८ जीबी लागतात. दोन्हींत रचना मात्र सारखी. आत एक साधं ७.१ किंवा ५.१ (सात किंवा पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मिश्रण असतं, जे कुठल्याही जुन्या यंत्राला वाजवता येतं, आणि त्यासोबत कुठला आवाज खोलीत कुठे, किती उंचीवर ठेवायचा याची माहिती असते.

व्हीएलसी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी आणि स्वतः कोडी, हे सगळे फाइल फोडायला एफएफएमपेगचंच इंजिन वापरतात. ते इंजिन आतलं ७.१ बिनचूक काढतं, पण उंचीची माहिती वाचून स्पीकरवर बसवत नाही. छतावरचे आवाज हरवत नाहीत. ते खालच्या स्पीकरांत मिसळून येतात. त्यामुळे गाणं अपुरं वाटत नाही, आणि म्हणूनच कित्येकांना काही चुकतंय हे महिनोन् महिने कळत नाही. यावर उपाय एकच. संगणकाने डबा उघडायचा नाही. आला तसा बंद डबा एचडीएमआयवरून रिसीव्हरच्या हातात द्यायचा. याला पासथ्रू म्हणतात. आम्ही कोडीची शिफारस करतो ती त्याच्या दिसण्यासाठी नाही, या एका कामातल्या चोखपणासाठी.

बसवताना क्रम असा ठेवावा. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग संगणक चालू करायचा. विंडोज सुरू होताना रिसीव्हर बंद असेल तर समोर किती चॅनल आहेत हे त्याला कळत नाही, आणि ते निमूटपणे स्टिरिओवर येतं. स्क्रीन १०८०पी, ६० हर्ट्झवर ठेवा. एचडीएमआयमध्ये आवाज हा चित्राच्या ओळींमधल्या मोकळ्या वेळेतून जातो. ४८०पी इतकं बारीक चित्र ठेवलं तर ट्रूएचडीला लागणारी जागाच उरत नाही. रिसीव्हरला वेगळा मॉनिटर म्हणून जोडलं असेल तर 'डुप्लिकेट' करा, नाहीतर माउसचा बाण न दिसणाऱ्या पडद्यावर हरवतो.

मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये एचडीएमआयचं उपकरण उघडून 'ॲडव्हान्स्ड' पानावर जा आणि एक्सक्लुझिव्ह कंट्रोलच्या (एकाच प्लेअरला आवाजाचा पूर्ण ताबा देणाऱ्या) दोन्ही खुणा चालू आहेत ना ते पाहा. 'स्पेशियल साउंड' बंद ठेवा. डॉल्बी ॲक्सेस ॲप टाकून तिथे 'डॉल्बी ॲटमॉस फॉर होम थिएटर' निवडलेलं असेल तर मोठा घोटाळा होतो. विंडोज मग प्रत्येक आवाज, अगदी ई-मेल आल्याची टिंग आणि साधं स्टिरिओ गाणंसुद्धा, ॲटमॉसच्या वेष्टनात गुंडाळून पाठवतं. रिसीव्हरवर 'ॲटमॉस' उमटतं, मन खूश होतं, आणि फाइलमधली उंची मात्र आलेलीच नसते. पट्टीवर नुसती अक्षरं दिसली म्हणून समाधान मानू नका.

आता कोडी. सेटिंग, सिस्टिम, ऑडिओ या पानावर जाऊन डाव्या कोपऱ्यात खाली असलेलं दातेरी चाकाचं चिन्ह दाबत दाबत 'एक्स्पर्ट'पर्यंत न्या. त्याशिवाय अर्धे पर्याय दिसत नाहीत. आउटपुट उपकरण म्हणून 'वासापी' (WASAPI) असं नाव असलेलं एचडीएमआय निवडा. तेच उपकरण 'डायरेक्टसाउंड' नावानेही यादीत असतं, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात, कारण डायरेक्टसाउंडमधून स्टिरिओ छान वाजतं पण ट्रूएचडी जात नाही. चॅनलची संख्या आपल्या स्पीकरांप्रमाणे ५.१ किंवा ७.१ ठेवा. ती २.० राहिली तर ॲटमॉस वाजेल, पण ५.१ची फ्लॅक (काही न गाळता दाबलेली) फाइल दोन स्पीकरांत कोंबली जाईल. आउटपुट कॉन्फिगरेशन 'बेस्ट मॅच' ठेवलं की ९६ किलोहर्ट्झची फाइल शक्यतो ९६लाच राहते.

त्याखाली 'अलाऊ पासथ्रू' चालू करा, पासथ्रूच्या उपकरणातही वासापीवालंच नाव द्या, आणि रिसीव्हरला जे जे कळतं त्याच्या खुणा करा: डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी. 'ट्रान्सकोडिंग' बंद. ते फक्त ऑप्टिकल केबलने जुना डेक किंवा साउंडबार जोडणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी चॅनल २.० ठेवून ते चालू केलं तर ५.१ची फ्लॅक डॉल्बी डिजिटल होऊन सहाही स्पीकरांत पोचते. ऑप्टिकलमधून ट्रूएचडी किंवा डिजिटल प्लस जाऊच शकत नाही, त्या तारेची ताकदच तेवढी नाही. कितीही महाग केबल घेतली तरी.

शेवटची एक खूण दुसऱ्याच पानावर लपलेली आहे. प्लेअर, व्हिडिओज इथे 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' चालू असेल तर कोडी पासथ्रू सोडून देतो आणि का सोडलं ते सांगतही नाही. ती बंद करा. ऑडिओच्या पानावर परत येऊन 'कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह' हे 'ऑलवेज' करा. नाहीतर थोडा वेळ शांतता गेली की रिसीव्हर झोपतो, पुढचं गाणं सुरू होताना 'खट्ट' असा आवाज येतो आणि पहिला अर्धा सेकंद गिळला जातो. आलापाच्या पहिल्या षड्जावरच हे घडलं की फार लागतं.

हे सगळं झालं की संगणकाच्या आवाजाच्या बटणांनी काहीच होणार नाही. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. बंद डब्याला बाहेरून मोठा-बारीक करता येत नाही. आवाज रिसीव्हरच्याच रिमोटने कमी-जास्त करायचा.

यंत्र जुनं असलं तरी चालतं. फाइल फोडायचीच नसल्याने प्रोसेसरला काम जवळजवळ शून्य. चौथ्या पिढीचा आय-३ आणि त्यातलंच ग्राफिक्स पुरतं. कोल्हापुरात राजारामपुरीत जुने ऑफिसचे संगणक विकणाऱ्यांकडे मिळणारा छोटा डबा घेतला तर पंख्याचा आवाज मात्र ऐकून घ्या. शांत संगीतात तो टोचतो. विंडोज नको असेल त्यांनी लिब्रेइलेक ही कोडीपुरतीच बनवलेली लिनक्स प्रणाली टाकावी. संगणक सुरू होतो तो थेट कोडीतच, आणि रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकावरही ट्रूएचडी रिसीव्हरपर्यंत जातं. मॅकवाल्यांना मात्र स्पष्ट सांगावं लागतं की मॅकओएस ट्रूएचडीचा बंद डबा एचडीएमआयवरून सोडत नाही. तिथे कोडीचा दोष नाही आणि उपायही नाही.

आता उणीव. कोडी एमकेव्हीला चित्रफीत समजतो. त्यामुळे ॲटमॉस अल्बम संगीताच्या संग्रहात येत नाहीत, 'व्हिडिओज'मध्ये 'फाइल्स'मधून उघडावे लागतात. प्रत्येक अल्बमला वेगळं फोल्डर, त्यात 'फोल्डर' नावाचं जेपीजी चित्र, एवढं केलं तर निदान मुखपृष्ठ दिसतं. दुसरी अडचण दोन गाण्यांमधल्या खंडाची. पासथ्रूमध्ये प्रत्येक फाइलला रिसीव्हर नव्याने ताळ जुळवतो, म्हणून सलग वाजणारा अल्बम तुकड्यांत ठेवला तर मध्ये गचका बसतोच. अखंड एमकेव्ही ठेवा आणि आत गाण्यांचे चॅप्टर असू द्या. पुढचं गाणं एका बटणावर येतं आणि संगीत तुटत नाही. एमफोरए किंवा उघड्या ई-एसी-३ फाइली कुरकुर करत असतील तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये टाकून एमकेव्ही करून घ्या. त्यात आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, नुसतं वेष्टन बदलतं. ट्रूएचडी एमपीफोरमध्ये कोंबायच्या भानगडीत पडू नका.

फाइल खरंच ॲटमॉस आहे का हे आधी मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायची सवय लावा. खरी असेल तर 'डायनॅमिक ऑब्जेक्ट'चा आकडा दिसतो, ११, १३, १५ असा काहीतरी, आणि 'बेड'मध्ये, म्हणजे ठरलेल्या जागीच राहणाऱ्या चॅनलांत, फक्त एलएफई, म्हणजे सबवूफरचा चॅनल. नावात ॲटमॉस आणि आत नुसतं ५.१, अशा फाइली खूप फिरतात. त्यांच्यावर दुपार घालवण्यात अर्थ नाही.

इतर प्लेअरांशी तुलना करायची तर एमपीसी-एचसी हा कोडीच्या तोडीचा आहे. त्यातल्या लॅव्ह ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीमिंग'खाली ट्रूएचडी आणि ई-एसी-३ला खूण केली आणि 'मिक्सिंग' बंद ठेवलं की काम झालं. टेबलावर बसून एकेक फाइल तपासायला तो कोडीपेक्षा सोपा. सोफ्यावरून चालवायला मात्र कोडी. अँड्रॉइड फोनवर 'कोअर' हे रिमोट ॲप टाकून कोडीत एचटीटीपीने नियंत्रणाची परवानगी दिली की टीव्ही न लावताही अल्बम बदलता येतो. व्हीएलसीमध्ये पासथ्रू आहे, पण ते मुळात बंद असतं, आणि चालू करायची जागा शोधावी लागते. बहुतेक घरांत ॲटमॉस फाइल पहिल्यांदा व्हीएलसीतच उघडली जाते, म्हणून 'छत गप्प'ची तक्रारही तिथूनच सुरू होते.

ॲटमॉस नसलेल्या बहुचॅनल फाइलींसाठी, म्हणजे ५.१ची फ्लॅक किंवा एसएसीडीची (सुपर ऑडिओ सीडी या डिस्कची) आयएसओ प्रत, आमचं मत फूबार२०००च्या बाजूने आहे. वासापी एक्सक्लुझिव्ह त्यात आहेच, एसएसीडीसाठी वेगळा जोड बसवावा लागतो. संग्रह हजारो गाण्यांचा असला तरी तो अडखळत नाही, आणि गाण्यागाण्यांत खंड पडत नाही. सरावासाठी टूएल या नॉर्वेच्या लेबलने ५.१च्या फ्लॅक फाइली मोफत ठेवल्या आहेत, त्या जरूर घ्या. मोठ्या फाइलींचा एक हिशेब ध्यानात ठेवा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सहा चॅनलची वेव्ह फाइल ४१ मिनिटांत ४ जीबीची मर्यादा गाठते. त्यापुढे ती अर्धवट वाजते किंवा उघडतच नाही. फ्लॅक करून ठेवली तर हा प्रश्न राहत नाही. पेनड्राइव्हही एक्सफॅट हवा, फॅट३२ला तीच ४ जीबीची आडकाठी. आणि जुन्या डीटीएस सीडीवरून काढलेली वेव्ह फाइल वाजवताना आवाज आधी अगदी बारीक ठेवा. डीकोड न होता ती तशीच गेली तर जोराची खरखर येते, आणि ट्विटर (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर) जायला तेवढं पुरतं.

रिसीव्हर नसलेल्यांनी काय करायचं? बाजारात '५.१ होम थिएटर' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त संचांची मागची बाजू बघा. तिथे लाल-पांढरी एकच जोडी किंवा एकच ऑक्सचं भोक असेल तर तो संच आत येणाऱ्या स्टिरिओलाच पाच ठिकाणी वाटतो. सहा आरसीए भोकं असतील तर खरं ५.१ शक्य आहे. मदरबोर्डच्या हिरव्या भोकातून पुढचे, नारिंगीतून मधला आणि सबवूफर, काळ्यातून मागचे, अशा तीन केबली लागतात. मधल्या स्पीकरातून नुसती घरघर आणि सबवूफरमधून गायकाचा आवाज आला तर तार खराब नाही. काही संचांत ती जोडी उलटी असते, आणि रिअलटेकच्या नियंत्रणात अदलाबदलीची खूण असते. या मार्गाने उंची येत नाही. डिजिटल प्लसमधला ॲटमॉस संगणकातच फोडून जितके स्पीकर तितक्यांवर वाटणारं कॅव्हर्न नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, हौशींनी जरूर बघावं. ट्रूएचडी मात्र ते उघडत नाही.

टीव्हीमधून साउंडबारला जाणाऱ्यांसाठी एवढंच: एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच बाहेर नेणारी सोय) डिजिटल प्लसचा ॲटमॉस जातो, ट्रूएचडीला तिची नवी आवृत्ती ईएआरसी लागते. साउंडबारला स्वतःचं एचडीएमआय इन असेल तर संगणक थेट तिथेच जोडा, टीव्हीला मध्ये घेऊ नका.

प्लेअर कितीही चोख असला तरी पुढे खोली आहेच. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरात, सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, यंत्रणा लावायची असेल तर वर तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर घेऊ नका. ते सपाट छतावरून आवाज परतवून देतात. उतरत्या कौलांवरून तो भलतीकडे जातो आणि फटींतून निघूनही जातो. छोटे स्पीकर तुळईला बसवून बैठकीकडे वळवा; वाशांना टांगलेले थरथरतात. फ्लॅटमध्ये पीओपीचं छत असेल तर वजन पीओपीवर नको, वरच्या स्लॅबवर घ्या. दोनच वरचे स्पीकर असतील तर ते ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या रेषेत किंवा किंचित पुढे, कानापासून समोरच्या आडव्या रेषेशी मोजलं तर ६५ ते १०० अंशांत. बाजूचे ५.१मध्ये ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे. त्यासाठी सोफा मागच्या भिंतीला चिकटवून चालत नाही, तीन फूट तरी पुढे ओढा.

व्हिट्रिफाइड टाइलच्या खोलीत टाळी वाजवली की झणझण ऐकू येते, त्यात उंचीचा भास विरून जातो. इथे आपल्या भागातली लोकरी घोंगडी फार कामाची. दुहेरी करून, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे काठीला टांगा. भिंतीला चिकटवली तर निम्मा उपयोग जातो. खर्जाचा घुमारा मात्र घोंगडीने हटत नाही, त्याला सबवूफरची जागा बदलूनच बघावी लागते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना ॲटमॉसचा आवाज स्टिरिओपेक्षा बारीक वाटतो. तो कमी दर्जाचा नसतो. ॲटमॉस संगीत सरासरी उणे १८ एलकेएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) वर जाऊ न देण्याचा दंडक आहे, आणि स्टिरिओ गाणी त्याहून बरीच दाबून मोठी केलेली असतात. रिसीव्हरचा आवाज वाढवा, आणि त्यातलं 'डायनॅमिक रेंज' किंवा 'लाउडनेस मॅनेजमेंट' बंद करा. मग लहान-मोठ्याचा खरा फरक कळतो. कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये पुढे बसून बैठक ऐकलेल्याला ठाऊक असतं की गाणारा समोर असतो, पण तंबोऱ्याचा नाद चहूबाजूंनी अंगावर येतो. चांगल्या ॲटमॉस ध्वनिमुद्रणात ऐकायचं असतं ते हेच. आवाज स्पीकरांतून फिरवत नेणाऱ्या करामती दोन दिवसांत जुन्या होतात.

संगणक जोडल्यावर घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर प्लेअरमध्ये शोधू नका. टीव्हीला लागलेली केबलवाल्याची किंवा डिशची तार काढून बघा. घूं थांबली तर अर्थिंगची फेरी त्या तारेतून होत होती, आणि तिला आयसोलेटर लागेल. त्याच तारेचं दुसरं दुखणं वळवाच्या पावसात कळतं. एप्रिल-मे महिन्यात आभाळ भरून यायला लागलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, आवरून घ्या; नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही. विजेचा धक्का डिशच्या तारेतून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयवरून रिसीव्हरमध्ये जातो आणि पोर्ट जाळतो. डिशची तार काढा, आणि रिसीव्हरमागची एचडीएमआयही उपसून बाजूला ठेवा.